शेवटच्या पानावरचा बाण

७ जानेवारी

मी कादंबऱ्या वाचणारा माणूस नाही, हे पहिल्याच ओळीत लिहून ठेवतो. चष्म्याच्या दुकानात बसून दिवसभर लोकांना बारीक अक्षरं वाचायला लावतो, तेवढं वाचन मला पुरे. पण काल एक कादंबरी वाचून संपवली. अख्खी. आणि तिच्याबद्दल बोलायला घरात कुणी नाही, कारण जी ती घेऊन आली तिच्याशी, म्हणजे बायकोशी, माझा अबोला चालू आहे.

भांडण साधंच. जेवायला बसलं तरी हिच्या ताटाशेजारी पुस्तक. मी म्हटलं, "तुम्हा दोघांत तिसऱ्या माणसाला जागा आहे का?" ही पान उलटत म्हणाली, "थांब रे, शेवटचं प्रकरण आहे." मी ताट उचलून स्वयंपाकघरात जाऊन जेवलो. मी उठलो हे तिला कळलंसुद्धा नाही. मला तेच जास्त लागलं.

म्हणून वाचली. म्हटलं, बघू तरी माझ्यापेक्षा असं काय आहे तिच्यात. प्रेमकथा. नावं माझ्या लक्षात राहत नाहीत. मुखपृष्ठावर एक पाठमोरी बाई आणि समुद्र. नायक हॉटेलांचा मालक, पण कामधंदा शून्य. सारखा खिडकीत उभा राहून भुवई उंचावतो. नायिकेला उणे पाच नंबर, असं लेखिकेनंच दुसऱ्या प्रकरणात लिहिलंय. मध्यावर हा गृहस्थ तिचा चष्मा काढतो आणि म्हणतो, किती सुंदर आहेस तू. ठीक आहे, त्याला ती दिसली. तिला तो दिसला का? त्याबद्दल अवाक्षर नाही. पुढची सगळी प्रकरणं ही बाई बिनचष्म्याची जिने उतरते, होडीत चढते, कुठेही धडपडत नाही. माझ्या धंद्याचा एवढा अपमान आजवर कुणी केला नव्हता.

१२ जानेवारी

अबोला सुटला. माझ्याकडूनच सुटला, नेहमीप्रमाणे. उणे पाचची गोष्ट पोटात राहीना, म्हणून सांगून टाकली. ही इतकी हसली की हातातली कवळी खाली ठेवावी लागली. (ही कवळ्या बनवते. दाताच्या डॉक्टरांकडून साचे येतात, त्यावर हिचं काम, राहिलेलं घरी आणते. ही दात बसवते, मी नजर बसवतो, सगळ्या गावाचं म्हातारपण आमच्याच जिवावर चाललंय असं आम्ही म्हणतो.) हसता हसता म्हणाली, "हे कुणाला तरी सांगायला हवं होतं." मी विचारलं, कुणाला? "कुणाला नाही," म्हणाली आणि परत कवळी घासायला लागली.

हे मनात राहिलं.

दुसरं असं की आमच्या गल्लीच्या तोंडाशी चांगलं वाचनालय आहे, पण हिला तिथली पुस्तकं चालत नाहीत. ही दोन बस बदलून आपल्या लहानपणच्या वाचनालयात जाते. मला त्या भागात पाऊल टाकायला नको वाटतं, कारण हिचे वडील तिथेच राहतात. त्यांच्या लेखी आम्ही मेलो त्याला आठ वर्षं होतील. म्हातारा लिफ्टचा मिस्त्री होता. मुलीनं इंजिनियर व्हावं हा त्यांचा हट्ट, आणि ही माझ्याशी लग्न करायला निघाली. तेव्हा म्हणाले होते, "आज गेलीस तर लिफ्ट तुझ्यासाठी पुन्हा वर येणार नाही." हीही त्यांचीच मुलगी. एक बॅग घेऊन चार मजले जिन्यानं उतरली. मी खाली रिक्षा धरून उभा होतो. त्यानंतर ना त्यांचा फोन, ना हिचा.

असो. मुद्दा वाचनालयाचा.

१९ जानेवारी

आता नीट लिहितो, कारण डोकं ठिकाणावर नाही.

त्या वाचनालयात एक जुनी पद्धत आहे. पुस्तक वाचून झालं की लोक शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं आपापली बारीक खूण करतात, म्हणजे तेच पुस्तक चुकून पुन्हा घरी यायला नको. भिंतीवर ‘पुस्तकांवर काहीही लिहू नये’ अशी पाटी आहे आणि पाटी लावणाऱ्या बाईंचं स्वतःचंही एक फूल सगळीकडे आहे. हिची खूण लहानपणापासूनची: एक टिंब आणि त्याभोवती गोल.

या वेळी ही एक विज्ञान कादंबरी घेऊन आली. हिला रॉकेटची गोष्ट लागली की दहाव्या पानावर झोप लागते, ही आमच्या घरातली जुनी चेष्टा. तरी आणली, आणि जागून वाचली. आणखी एक पाहिलं. पिशवीतून पुस्तक काढल्या काढल्या हिनं आधी शेवटचं पान उघडलं. मी म्हटलं, "शेवट आधी वाचतेस?" म्हणाली, "शेवट नाही वाचत."

आज ती कामाला गेल्यावर मी शेवटचं पान उघडलं. कोपऱ्यात हिचा गोल. आणि त्याला खेटून एक बाण. सरळ वर गेलेला, टोकदार.

बाण. शंभर खुणा असतील जगात, फुली आहे, चांदणी आहे, आणि या माणसाला सुचला काय, तर बाण. याचा अर्थ मला कुणी समजावून सांगायला नको.

२७ जानेवारी

हिच्याबरोबर वाचनालयात गेलो. म्हटलं, मलाही गोडी लागलीय. हिला इतका आनंद झाला की माझंच मला वाईट वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. ही बाईंशी बोलत उभी असताना मी कपाटं पालथी घातली. जिथे जिथे हिचा गोल, तिथे तिथे बाण. प्रेमकथांमध्ये आधी गोल दिसतो, मग बाण. तो कडेला जागा शोधून बसलेला. विज्ञानाच्या पुस्तकांत उलटं, आधी बाण आणि मग गोल. म्हणजे तो हिच्या मागून प्रेमकथा वाचतो, आणि ही त्याच्या मागून रॉकेटं वाचते. दोन वर्षांपूर्वी आम्ही या शहरात परत आलो तेव्हापासूनचं असणार, कारण त्याआधीच्या पुस्तकांत दोघांचा पत्ता नाही. हां, लहान मुलांच्या कपाटात दोन्ही आहेत, पण ती पुस्तकं जुनी, कुणाच्याही खुणा असतील.

माझ्यासाठी या बाईनं दोन वर्षांत काय वाचलं? माझ्या दुकानाची पाटी चुकलीय हेसुद्धा गिऱ्हाइकानं सांगितलं.

२ फेब्रुवारी

संशयित सापडला. दाढीवाला. तिशीतला, विज्ञानाच्या कपाटापुढे उकिडवा बसलेला असतो आणि ही दिसली की उठून हसतो. नजर उत्तम असावी, चष्मा नाही. मला असले लोक मुळातच आवडत नाहीत.

९ फेब्रुवारी

बाण असलेली जाडजूड विज्ञान कादंबरी वाचली. शत्रूच्या डोक्यात काय चालतं ते कळायला हवं.

एक अवकाशयान तीनशे वर्षं प्रवास करतंय. माणसं त्यातच जन्मतात, त्यातच मरतात. इथवर उत्तम. यानाच्या तळाला एक म्हातारा हवेचे पंप सांभाळतो. त्याची मुलगी वरच्या मजल्यावर राहायला गेलेली, आणि मधला दरवाजा कायमचा बंद. म्हातारा रोज पाइपावर पान्यानं एक ठोका मारतो. मुलगी वरून एक ठोका मारते. संपलं. एवढंच. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. पंप कसे चालतात ते लेखकानं फार छान लिहिलंय, लढाईही झकास, पण हे बाप-मुलीचं ठोका प्रकरण कापलं असतं तर पन्नास पानं वाचली असती आणि गोष्टीचं काही बिघडलं नसतं.

हे मी हिला जेवताना सांगितलं. ही उठून हात धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल. म्हटलं, काय झालं? म्हणाली, "काही नाही, साबण गेला." डोळ्यांतला साबण मला शिकवते.

दाढीवाल्याच्या पुस्तकावर बोललो म्हणून रडली. दुसरं काय असणार?

१६ फेब्रुवारी

दाढीवाला नाही. आज त्याच्या शेजारी जाऊन उकिडवा बसलो आणि सरळ विचारलं, तुमची खूण कुठली? त्यानं आनंदानं दाखवली: गोगलगाय. वर अर्धा तास मला कृष्णविवरांबद्दल सांगितलं. त्याची बायको सातव्या महिन्यात आहे आणि मला सगळं समजलं असं त्याला वाटतंय. गुडघे अजून दुखतायत.

दाढीवाला नाही म्हटल्यावर बरं वाटायला हवं होतं. उलट जास्त वाईट वाटतंय. निदान त्याला चेहरा होता.

२३ फेब्रुवारी

हिनं यंत्राचा नवरा असलेली कादंबरी आणली. प्रेमकथाही आणि विज्ञानही, एका दगडात दोन पक्षी. एक बाई कारखान्यातून नवरा मागवते, त्यात मत्सर सोडून सगळं भरलेलं. तो चिडत नाही, कुठे गेली होतीस विचारत नाही, तिच्या मित्रांना चहा करून देतो. चारशे पानांनंतर ती त्याला खोक्यात घालून परत पाठवते. माझ्या मते ही या वर्षातली सगळ्यात खरी कादंबरी आहे. हिला म्हटलं, "बघ, न जळणारा नवरा कुणालाच चालत नाही." ही म्हणाली, "परत पाठवायची सोय सगळ्यांना असती तर बरं झालं असतं." आणि हसली. मी हसलो नाही.

शेवटच्या पानावर या वेळी मी माझीही खूण केली. चष्मा: दोन गोल, मध्ये दांडी. हिच्या गोलाला चिकटून, अगदी शेजारी. आता कळेल त्याला, की या बाईला नवरा आहे आणि त्याला वाचता येतं.

१ मार्च

बाण आला. माझ्या चष्म्यावरही त्याला काही वाटलं नाही, कडेला जागा करून बसला. फरक एवढाच की आता तो तिरका आहे. एका जागी सुरू करून दुसरीकडे गेला, मग परत गिरवला, छापलेल्या ओळीवर चढलाय. गिऱ्हाइकानं अशी सही केली तर मी लगेच विचारतो, दिव्याभोवती वलय दिसतं का? या महाशयांना काय विचारणार. प्रेमात हात थरथरत असेल.

८ मार्च

आज मी एक गोष्ट केली. मला तिचा पश्चात्ताप नाही, हे आत्ताच लिहून ठेवतो.

हिनं या वेळी लिफ्टमध्ये अडकलेल्या दोघांची प्रेमकथा आणली. एक वकील, एक गायिका, जन्माचे वैरी. दोरी तुटते, लिफ्ट मधेच लोंबकळते आणि रात्रभर दोघं आत. पहाटेपर्यंत वैर संपून लग्न ठरतं. कादंबरी फालतूच आहे. दोघांपैकी कुणालाही रात्रभर बाथरूमला जावंसं वाटत नाही.

पण ही काय हसली. वाचताना एकटीच फिस्सकन हसायची, उशीत तोंड खुपसायची, एका जागी तर "अरे देवा, हे वाचून तर..." असं म्हणून थांबली. मी म्हटलं, वाचून काय? कोण? "काही नाही रे, गंमत." डोळ्यांत असा आनंद की लग्नानंतर पहिल्या महिन्यातला आठवावा. आणि तो माझ्यासाठी नव्हता. मी समोर बसलेलो असताना ती तिसऱ्याच कुणाच्या चेहऱ्याकडे बघून हसत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुस्तक परत करायला मी नेतो म्हटलं. दुकानात थांबून हिचा गोल खोडला. चांगला घासून, कागदाची लव निघेपर्यंत. त्याच्या जागी काही काढलं नाही. बाजूला फक्त माझा चष्मा, ठसठशीत. घे आता.

२२ मार्च

बाण नाही. लिफ्टवाल्या पुस्तकात नाही, त्यानंतर आम्ही परत केलेल्या दोन्ही पुस्तकांत नाही. गेला. इतकं सोपं होतं तर आधीच करायला हवं होतं. दुकानात आज एका म्हातारीला चष्म्याची फ्रेम फुकट दिली.

२९ मार्च

घरात काहीतरी बिघडलंय. वाचनालयात ही कपाटापुढे उभी राहून एकामागून एक शेवटची पानं उघडत होती. रॉकेटांची, प्रेमांची, सगळी. मी विचारलं, काय शोधतेस? म्हणाली, "माणूस वाचायचं कधी थांबवतो रे?" मी म्हटलं, कंटाळा आला की. तिनं पुस्तक जागेवर ठेवलं आणि एकही न घेता बाहेर आली.

तेव्हापासून पुस्तक नाही. जेवताना माझ्याकडे बघते, मी बोललो की ऐकते, हो म्हणते. मला हवं होतं ते सगळं झालं. दूध दोनदा उतू गेलं. कामावरच्या एका कवळीत सुळा उलटा बसवला म्हणून डॉक्टरचा फोन आला. हिच्या हातून असं आजवर झालं नव्हतं. मी गल्लीतल्या वाचनालयातून तीन नव्या कादंबऱ्या आणून दिल्या. तिनं शेवटचं पानसुद्धा उघडलं नाही.

त्याच्यासाठी झुरतेय, हे मला दिसतंय. म्हणजे माझ्यासाठी ती कधी झुरणार नाही हेही दिसतंय. मी काय मिळवलं?

२ एप्रिल

वाचनालयाच्या बाईंनी आज मला थांबवलं. म्हणाल्या, "तुमच्या घरी सगळं बरं ना? ते लिफ्टवाले आजोबासुद्धा यायचे बंद झाले."

मी म्हटलं, कोण आजोबा?

"अहो, मंगळवारी सकाळी यायचे. परत आलेली पुस्तकं चाळायचे, शेवटचं पान बघून घ्यायचे. मला हसू यायचं, या वयात प्रेमकथा. मध्यंतरी ते लिफ्टचं पुस्तक परत करताना मला म्हणाले, जरा बघा, इथे गोल आहे का, मला दिसत नाहीये. मी म्हटलं, गोल नाही, चष्मा आहे. तर म्हणाले, बरोबर आहे त्याचं, बस झालं आता. आणि गेले ते आलेच नाहीत. डोळ्यांनी फार अधू झालेत हो. बाण काढायचा तर मी बोट धरून जागा दाखवायची."

दोन बस बदलायच्या सोडून चालत घरी आलो.

३ एप्रिल

दुकान उघडलं नाही. हिला सांगितलं, डोकं दुखतंय.

इतक्या वर्षांनी सासऱ्यांना ठोका मारायला पाइप सापडला, आणि मी तो कापला. वर मीच म्हटलं होतं, ती पन्नास पानं कापायला हवीत.

५ एप्रिल

गेलो. लिफ्टवालं पुस्तक वाचनालयातून काढून घेतलं आणि गेलो. त्यांच्या इमारतीची लिफ्ट जुनी आहे, पण चौथ्या मजल्यावर थांबली तेव्हा धक्का म्हणून लागला नाही.

दार त्यांनीच उघडलं. तोंड माझ्याकडे, नजर खांद्यापलीकडे. मी बोलण्याआधी म्हणाले, "कोण?" मी म्हटलं, "चष्मा."

मग म्हणाले, "ती बरी आहे ना?"

"बरी नाही," मी म्हटलं, "म्हणून आलोय."

आत नेलं. एक खुर्ची, एक टेबल, दिवा डोक्याजवळ ओढून घेतलेला. मला बसा म्हणाले नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं, की तो गोल तिनं काढला होता. मी खोडला. तिला माहीत नाही.

"का?"

"जळलो."

"कुणावर?"

"बाणावर. मला काय माहीत तुम्ही आहात. मला वाटलं, कुणीतरी... बाण म्हणजे..."

त्यांना समजायला वेळ लागला. आणि समजलं तेव्हा त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. हसत होते. "या वयात," म्हणाले, "माझ्यावर कुणी जळेल असं वाटलं नव्हतं." मग डोळे पुसले, आणि म्हणाले, "अहो, तिचा तो गोल म्हणजे बटण आहे. लहानपणी तिला घेऊन कामावर जायचो तेव्हा लिफ्टचं बटण तिलाच दाबायचं असायचं. वाचनालयात नाव घातलं तेव्हा म्हणाली, माझी खूण बटण. मग माझा बाण. वर जाणारा."

मी खाली मान घालून उभा. चार मजले जिन्यानं उतरलेली ती मुलगी मला दिसत होती, आणि रिक्षात मी किती खुशीत होतो तेही.

"तुम्ही दार का नाही वाजवलंत?" मी विचारलं.

"वाजवतच होतो की," ते म्हणाले. "ती काय, मी काय, दोघांनाही बोलायचं कसं ते येत नाही. वाचता येतं." मग एकदम आवाज चढला. "पण तिनं ते पुस्तक मला मुद्दाम पाठवलं असणार. मला पेटवायला. दोरी तुटते म्हणे. एकच दोरी असते का लिफ्टला? आणि तुटली तरी खाली पकडी असतात, जागच्या जागी धरतात. लोंबकळते काय? लिहिणाऱ्या बाईला कुणी एकदा मशिनरूम दाखवा."

"आणि बाथरूम," मी म्हटलं.

"काय?"

"रात्रभर दोघांपैकी एकालाही बाथरूमला जावंसं वाटत नाही."

त्यांनी माझ्या दिशेला तोंड वळवलं. "हे माझ्या लक्षात नव्हतं आलं," म्हणाले. "बस ना. उभा का तू?"

निघताना पुस्तक उघडून त्यांच्यापुढे धरलं, बोट धरून कोपरा दाखवला. कागद जिथे खरवडलाय त्याच्या शेजारी त्यांनी बाण काढला. आणि म्हणाले, "खोडल्याचं तिला सांगू नकोस. मी सांगेन, दिसत नव्हतं म्हणून थांबलो. खोटंही नाही ते."

ज्या माणसाला मी आठ वर्षं शिव्या घातल्या त्यानं माझी बाजू सावरली. हेही मला थोडं झोंबलंच.

६ एप्रिल

पुस्तक टेबलावर ठेवलं होतं. ही कामावरून आली, पर्स ठेवली, सवयीनं शेवटचं पान उघडलं. मी भाजी चिरत होतो, म्हणजे चिरायचं नाटक करत होतो.

मग चप्पल घातल्याचा आवाज. मी विचारलं, कुठे?

"बाबांकडे," म्हणाली. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही. मला सगळं कसं कळलं, पुस्तक कुठून आलं, काही विचारलं नाही.

जेवायला आली नाही. फोन केला तर मागे दोघं एकदमच बोलत होते आणि मधेच हिचं ते हसू, उशीतलं. "अरे ठेव, बाबा मशिनरूमचं सांगतायत," म्हणाली. मी एकटाच जेवलो. आता कळलंय कोण आहे ते, तरी पोटात दुखायचं ते दुखतंच. हे मात्र कुठल्याच कादंबरीत लिहिलेलं नाही.

१८ मे

सासऱ्यांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात. आज मी चाचणीची फ्रेम घेऊन गेलो, त्यांच्या नाकावर बसवली आणि भिंग बदलत गेलो. अक्षरांचा तक्ता वाचायला त्यांनी साफ नकार दिला. कादंबरीच उघडली आणि म्हणाले, हे स्पष्ट दिसेल ते भिंग दे. आता ते मला तूच म्हणतात. मग आम्ही त्या यंत्राच्या नवऱ्यावर वाद घातला. त्यांचं म्हणणं, बिघाड नवऱ्यात नव्हता, देखभाल झाली नाही. मी म्हटलं, तुम्ही यंत्राचीच बाजू घेणार. त्यांनी मान खाली करून हळूच विचारलं, "ते खोडलेलं तिला कळलं नाही ना?" मी म्हटलं, नाही.

ही चहा घेऊन दारात उभी. "काय कुजबुजताय?" म्हणाली. "तुम्हा दोघांत तिसऱ्या माणसाला जागा आहे का?"

सासऱ्यांनी एकदम कादंबरीत तोंड खुपसलं. आणि तिचा चेहरा मी ओळखला, कारण सगळा हिवाळा तोच आरशात बघितलाय. मला भयंकर आनंद झाला.

तो टिकला नाही. चहा ठेवून तिनं टेबलावरचं लिफ्टवालं पुस्तक उचललं (दंड चढतोय, पण सासरे ते परत करू देत नाहीत) आणि शेवटचं पान दिव्याखाली धरलं.

"इथे मी खूण केली होती," म्हणाली.

"राहिली असेल करायची," सासरे घाईघाईनं म्हणाले.

"बाबा, तुम्हाला तेव्हा दिसत नव्हतं. मला दिसतंय." तिनं अंगठा कागदावरून फिरवला, कवळीवरचा खरखरीतपणा तपासते तसा. माझ्याकडे बघितलं.

तिनं सासऱ्यांच्या खिशातली पेन्सिल घेतली आणि खरवडलेल्या जागी टिंब दिलं, भोवती गोल काढला. मग पेन्सिल उलटी केली आणि मागच्या रबरानं माझा चष्मा खोडला. चांगला घासून, लव निघेपर्यंत. बोटानं कचरा झटकला आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"फिट्टंफाट," म्हणाली. "आता परत वाच. पहिल्यापासून. मग काढ."

तिसऱ्या प्रकरणावर आलोय. दोरी अजून तुटायची आहे. सासरे दर पाच मिनिटांनी विचारतायत, तुटली का? ही त्यांच्या शेजारी बसून रॉकेटची गोष्ट वाचता वाचता दहाव्या पानावर झोपलीय. वकील मला अजूनही आवडलेला नाही.